अकरा सेकंद

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आमची प्रात्यक्षिकाची खोली.
दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या.
टिश्यूचा डबा त्यांच्या हाताशी ठेवायचा,
पुढे करायचा नाही.
पुढे केला की त्याचा अर्थ होतो, पुरे आता.
मला घरी पाणी पुढे करायची सवय.
पहिलं सत्र मी हात मांडीखाली दाबून काढलं.

पेशंट म्हणायचं नाही.
अशील तर वकिलाचं.
मी पेपरात 'समोरचं माणूस' लिहिलं
आणि अर्धा मार्क गेला.

मुदस्सर पिंजारी एकदा
घटस्फोट झालेली बाई झाला होता.
हर्षालीला हसू आवरेना.
तिसऱ्या मिनिटाला तो खरंच रडला.
निरगुडे मॅडम म्हणाल्या, घड्याळ थांबवा.
नंतर आम्ही सगळे खाली चहाला गेलो.
कोणासाठी रडलास, हे कोणी विचारलं नाही.
विचारायचंच तर शिकत होतो.

दुसऱ्या वर्षी नाशिकरोडच्या केंद्रात
दर गुरुवारी, साडेचारला,
मला मिळाले 'क'.
(नाव लिहायचं नाही. नाव मला माहीत आहे.)
नोटप्रेसमधून निवृत्त, चौतीस वर्षं तपासणीला.
"पैसा नव्हे हो ताई तो.
कोऱ्या नोटा. अजून कोणाच्याच न झालेल्या."
बोलताना त्यांचा अंगठा
तर्जनीवर मोजत राहतो.

कसं वाटतंय, मी विचारलं.
"वाटायचं काय? जीव रमत नाही."
फॉर्मवर रकाना होता: लक्षणे, खालीलपैकी निवडा.
झोप होती, भूक होती, चिडचिड होती.
जीव नव्हता.
मी कडेला पेन्सिलने लिहिला.

रात्री होस्टेलवर, कानात हेडफोन,
शब्दाला शब्द उतरवायचं.
खोकलासुद्धा. मालगाडीचा भोंगासुद्धा.

क: ती गेली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो.
(शांतता, अकरा सेकंद)
मी: मग आता जेवणाचं कोण बघतं?

मॅडमनी काही खोडलं नाही.
माझ्या वाक्याभोवती एक गोल काढला.
हा प्रश्न त्यांच्यासाठी होता की तुझ्यासाठी?
मी म्हटलं, अकरा सेकंद फार होते.
"कोणाला?"

मॅडम, आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात
पहिलं हेच विचारतात, जेवलात का.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
म्हणाल्या, आमच्याकडेही.
आणि मग जेवण होतं,
आणि बोलायचं राहून जातं.

पुढच्या गुरुवारी मी गप्प बसले.
जीभ टाळूला चिकटवून. चौदा सेकंद. वीस.
मला वाटलं आता काहीतरी येईल,
पुस्तकात येतं तसं.
"पंखा आवाज करतो तुमचा," ते म्हणाले.
"तेल घाला."
आणि उरलेला वेळ पंख्यावर गेला,
प्रेसमधल्या पंख्यांवर, तिथल्या उन्हाळ्यावर,
डबा उघडताना येणाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीच्या वासावर.
चटणी कोणी केलेली, हे त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
हे बरोबर केलं की चूक, अजून ठरलेलं नाही.

परवा बुधवारच्या बाजारात गंगेवर
मला ते दिसले.
नियम असा: बाहेर भेटले तर आपण ओळख दाखवायची नाही.
त्यांनी दाखवली तरच.
मी पेरूंच्या ढिगाआड, हातात रिकामी पिशवी.
ते गवार निवडत होते, एकेक शेंग,
अंगठ्याने उजेडात धरून,
जणू कुठे तरी छपाई चुकली असेल.

वर पाहिलं. मला पाहिलं.
किती सेकंद, ते मोजता आलं नाही.
मग गवारवालीकडे वळून,
जरा मोठ्यानेच,
"अर्धा किलो नको, मावशी.
पाव दे. एकट्याला."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.